दोन इंच
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'जगण्याचा आणि कामाचा अर्थ' असा विषय दिलाय. तो मलाच का दिला हे मला पक्कं माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या व्हॉट्सअॅप गटावर मी रात्री दोन वाजता एकच ओळ टाकली होती: "कशासाठी करतोय आपण हे सगळं?" त्यावर सकाळपर्यंत सत्तावीस उत्तरं आली. त्यातली एकोणीस गुलाबाच्या फुलांची होती, आणि एकानं विचारलं होतं, "पगार झाला नाही का?" त्याचा सूड म्हणून आजचं हे भाषण.

आईचाही तसाच एक प्रश्न आहे, तो जुना आहे. मी घरी आले आणि लॅपटॉप उघडून बसले की ती मागे येऊन उभी राहते. "गो, तू दिवसभर त्या डब्यात बघून करतंस काय?" मी तिला समजावून सांगते. ती ऐकून घेते आणि विचारते, "बरा. पण ता कोणाच्या उपयोगाक पडता?" वीस वर्षं मी या प्रश्नाला गंमत म्हणून सोडून दिलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता यायचं. दुसऱ्याचं यायचं नाही.

आपण लहानपणी किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलीय, काहींनी ओढलीही आहे. दोरीला हात लावला की वाटा मिळतो. जाळं लांब पाण्यात असतं, दिसत नाही, पण तास-दीड तासात ते काठाला येतं आणि आपण काय ओढलं ते डोळ्यांसमोर वाळूवर तडफडत असतं. आमच्या धंद्यात दोरी ओढायची असते, पण जाळं काठाला येताना बहुतेकांना कधी दिसतच नाही. एका प्रणालीवर दोनशे माणसं काम करतात. माझ्या वाट्याला त्यातला एक छोटा तुकडा येतो. तो पुरा झाला की दुसरा. त्या तुकड्याचं पुढे काय झालं, हे एका पडद्यावरच्या हिरव्या-लाल ठिपक्यांवरून कळतं. हिरवा असला की आपण बरं काम केलं.

चाळिशीच्या आसपास मला हे जड व्हायला लागलं. कंपनीनं एक कार्यशाळा ठेवली होती. बाहेरून एक गृहस्थ आले, त्यांनी चार वर्तुळं काढली: तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला कशाची गरज आहे, पैसे कशाचे मिळतात. चौघांच्या मधल्या जागेत आपलं प्रयोजन लिहायचं. मी पाऊण तास बसले आणि कागद कोरा दिला. मला त्या गृहस्थांना नावं ठेवायची नाहीत, काहींना त्याचा उपयोग होत असेल. पण 'तुम्हाला काय आवडतं' इथून सुरुवात केली की माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो, असं माझं मत झालंय. आपल्या वर्गातला जो एसटीवर चालक आहे, त्याला मी काल संध्याकाळी हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "माज्या मागे पंचेचाळीस माणसां आसत. ती घराक पोचाक होयी. अर्थ आणि खंय शोधू?" आणि त्यानं चहा मागवला.

आता थोडं मागे जाते. नववीतला विज्ञानाचा तास आठवा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं आणि विचारलं, लाकडी बाकावर झोपलं तर अंग का दुखतं? कोणी म्हणालं, बाक कडक असतो म्हणून. सर म्हणाले, कडक म्हणजे काय? मग त्यांनी समजावलं. फळीवर आडवं झालं की शरीर सगळीकडे टेकत नाही. डोक्याचा मागचा भाग, खांद्याची हाडं, माकडहाड, टाचा, एवढ्याच जागा टेकतात, आणि सगळं वजन तेवढ्या जागांवर येतं. खाली थोडा फोम घातला की तो दबतो, शरीराच्या आकाराचा होतो, टेकण्याची जागा वाढते. वजन तेच, क्षेत्रफळ वाढलं, दाब कमी झाला. आणि मग सर म्हणाले, हे गणित ज्यानं देशभरच्या रेल्वेत लावलं, तो फिजिक्सचाच मास्तर होता, आणि आपला खासदार होता.

प्रा. मधु दंडवते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. बॅ. नाथ पै १९७१च्या जानेवारीत गेले. त्यांच्या राजापूर मतदारसंघातून त्याच वर्षी दंडवते लोकसभेत गेले आणि तिथून एकूण सलग पाच वेळा निवडून आले. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि प्रमिलाताई येरवड्याला. १९७७ साली जनता सरकार आलं आणि तुरुंगातून सुटलेले दंडवते रेल्वेमंत्री झाले. तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. त्यांनी त्यावर दोन इंच फोम बसवायला लावला. पहिल्या वर्गाचं काही काढून घेतलं नाही, दुसऱ्या वर्गाला वर उचललं. रेल्वेच्या आरक्षणात संगणक आणायच्या विचारालाही त्यांच्याच काळात चालना मिळाली, म्हणजे माझ्या धंद्याशीही त्यांचं नातं आहेच. पण मला राहून राहून आठवतो तो फोम.

त्याचं कारण सांगते. दंडवते ज्या मतदारसंघातून निवडून आले होते, तिथे १९७७ साली रेल्वेचा एक रूळही नव्हता. आपले आई-वडील तेव्हा मुंबईला जायचे ते एसटीच्या सीटवर ताठ बसून, घाटातल्या वळणांवर पोट सांभाळत. मंत्र्यांनी केलेल्या त्या दोन इंचांवर त्यांना मत देणाऱ्या मालवणच्या, वेंगुर्ल्याच्या, देवगडच्या माणसाची पाठ टेकणार नव्हती. ती टेकणार होती बिहारच्या, बंगालच्या, तमिळनाडूच्या कोणा अनोळखी माणसाची. आणि त्या माणसाला ह्यांचं नाव ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. नव्या पिढीला तर बर्थ पूर्वी लाकडाचा असायचा हेच माहीत नाही, मग तो मऊ कोणी केला हे कोण विचारणार?

आपल्याकडे रेल्वे आली ती फार नंतर. कोकण रेल्वे महामंडळ १९९०च्या जुलैमध्ये स्थापन झालं, दंडवते तेव्हा अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि कामाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे. पुढच्याच वर्षी, १९९१च्या निवडणुकीत, आपल्याच लोकांनी दंडवत्यांना पाडलं. आपण शाळेत होतो तेव्हा डोंगर फोडायचं काम जोरात चालू होतं. पेडण्याच्या बोगद्यात माती ढासळून काम अडायचं त्याच्या बातम्या आपण वाचायचो. २६ जानेवारी १९९८ला संपूर्ण मार्ग सुरू झाला. दुसऱ्या वर्षी मी इंजिनीअरिंगला जायला कुडाळला गाडीत बसले. बाबा सोडायला आले होते. गाडी हलली आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर बर्थवर अंगठा दाबून बघितला. सरांचा तास आठवला म्हणून.

गेल्या महिन्यात मी सरांना फोन केला होता, या भाषणात तुमचा तो तास सांगणार आहे म्हणून. सरांना तो आठवतच नाही! "मी असं शिकवलं होतं?" असं त्यांनी मलाच विचारलं, आणि मग काळजीनं, "सूत्र बरोबर सांगितलं होतं ना?" सर, बरोबर सांगितलं होतं.

आता ज्यासाठी एवढा वेळ घेतला त्या गोष्टीकडे येते. ही मी आजवर घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. आपल्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला कोल्हापूरला जातात, बेळगावला जातात, गोव्याला जातात. आम्हीही अशाच एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. ऑपरेशनच्या आधीच्या नेहमीच्या तपासण्या होत्या. दुपारी खिडकीवर नाव पुकारलं, मी रिपोर्ट घेतला. क्रिएटिनिन ६.८. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा आकडा साधारण एकच्या आसपास असावा लागतो. म्हणजे बाबांच्या किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या. चालता-बोलता माणूस, सकाळी माझ्याबरोबर उसळ-पाव खाल्लेला. डॉक्टर निघून गेले होते, उद्या भेटा म्हणाले. आम्ही लॉजवर आलो. बाबांनी रात्रभर दिवा मालवू दिला नाही. पहाटे त्यांनी खिशातून घरच्या कपाटाची चावी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आईला यातलं काही कळत नाही. तू बघ."

सकाळी एका तरुण डॉक्टर मुलीनं कागद बघितला आणि विचारलं, "यांचं वय चौसष्ट?" बाबांचं त्र्याहत्तर. तो रिपोर्ट बाबांचा नव्हताच. आडनाव तेच, नाव तेच, वडिलांचं नाव वेगळं. आपल्याकडे अर्धी वाडी एका आडनावाची असते आणि नावंही देवाच्या चार-पाच नावांतून फिरत असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. छापील कागदावर नावासाठी ठेवलेली जागा अपुरी होती. आडनाव आणि नाव मावलं, वडिलांचं नाव तुटलं. नोंदणी क्रमांक होता, पण खाली कोपऱ्यात, बारीक. खिडकीवरच्या माणसानं नाव वाचून हाक मारली, आणि कागदांची अदलाबदल झाली. यंत्राची तपासणी अचूक होती, नमुनेही बरोबर होते. कागद तेवढा चुकीच्या हातात गेला.

बाबांचा खरा रिपोर्ट चांगला होता. मी रडले, बाबा हसले, आणि मग दोन मिनिटांनी माझ्या डोक्यात आलं की मग तो दुसरा माणूस कोण.

ती माणसं देवगड तालुक्यातली होती. त्यांना बाबांचा कागद मिळाला होता, सगळं ठीक असल्याचा. ती आनंदात घरी गेली होती. रुग्णालयानं फोन करून परत बोलावलं. दुपारी ती आली, वडील आणि मुलगी. मुलगी माझ्याच वयाची. आम्ही त्याच बाकावर शेजारी बसलो होतो. ती म्हणाली, काल रात्री आमच्याकडे किती दिवसांनी बांगड्याचं तिखलं केलं होतं, बाबा पोटभर जेवले. एवढंच बोलली. एका रात्रीनं उपचारात काही फरक पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पडला नसेलही.

आता खरी गोष्ट. तो रिपोर्टचा कागद हातात धरून बसले असताना मला त्याची मांडणी ओळखीची वाटायला लागली. वरची ती दुहेरी रेघ, डावीकडचा चौकोन. ही प्रणाली आमच्या कंपनीची होती. मी काही वर्षांपूर्वी त्याच विभागात होते. घरी आल्यावर मी जुन्या नोंदी उघडल्या. आमच्याकडे ग्राहकांकडून आलेली प्रत्येक तक्रार नोंदलेली असते. शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुठल्या तरी रुग्णालयातल्या एका कर्मचाऱ्यानं लिहिलं होतं, की लांब नावं पूर्ण छापली जात नाहीत, सारख्या नावांचे पेशंट असले की गोंधळ होतो, नावाखाली गाव छापता येईल का? खाली शेरा होता: 'सध्या प्राधान्य नाही.' तक्रार बंद. शेऱ्यापुढे माझं नाव होतं.

ते मी कधी लिहिलं, मला आठवत नाही. त्या दिवशी अशा तीसेक तक्रारी मी बघितल्या असतील. या एकीला पाऊण मिनिट दिलं असेल. त्याच आठवड्यात त्या चार वर्तुळांची कार्यशाळा झाली होती की नव्हती, हे मी तारखा लावून बघितलं नाही. भीती वाटली.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. परवानग्या मिळवायला तीन आठवडे, कारण मी आता त्या विभागात नव्हते आणि दुसऱ्याच्या शेतात नांगर घालायला कोणी देत नाही. नाव आता दोन ओळींत पूर्ण छापलं जातं, खाली गाव येतं, आणि क्रमांक मोठ्या अक्षरांत वर. कोणाचं आभाराचं पत्र आलं नाही, येणारही नाही. आधी काय होत होतं हे ज्यांना माहीत नाही ते आभार कशाचे मानणार?

तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी मी एक दिवस रजा टाकते आणि जिथे आमचं सॉफ्टवेअर वापरलं जातं अशा एखाद्या ठिकाणी खिडकीच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसते. नुसतं बघते. एका ठिकाणी कारकून बाई प्रत्येक कागदावर पेनानं गावाचं नाव लिहीत होत्या. विचारलं, तर म्हणाल्या, "आम्ही लिहितोच की, सवय झालीय." कंपनीला याचं कौतुक नाही. वरिष्ठांनी एकदा विचारलंही, हे तुझ्या कामात बसतं का? नाही बसत. त्या वर्षीची बढती गेली, ती कदाचित दुसऱ्याच कारणानं गेली असेल.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. नुसतं समोरचं माणूस दिसलं म्हणजे काम बरं होतं असं नाही. मध्ये दोन वर्षं मी अशा एका ॲपवर काम केलंय, जिथे आम्ही माणसाकडे अगदी बारकाईनं बघायचो. त्याचं बोट कुठे जातं, तो कुठे थांबतो, 'रद्द करा' हे बटण कुठे ठेवलं म्हणजे त्याला सापडणार नाही. त्याला नको असलेली वर्गणी आपोआप चालू राहावी यासाठी. पारधी सशाकडे बघतो तसं. त्या कामाचा पगार चांगला होता आणि हिरवे ठिपकेही भरपूर होते. घराचे हप्ते चालू होते, म्हणून मी लगेच सोडलं नाही. इथे बसलेल्या कोणालाही मी नोकरी सोडायचा सल्ला देणार नाही, आणि 'आवडीचं काम करा' हा तर मुळीच नाही. आपल्यातल्या निम्म्यांना निवड करायची संधीच मिळाली नव्हती. जिला बारावीनंतर पुढे शिकता आलं नाही, ती आपली मैत्रीण आज दीडशे मुलांची खिचडी शिजवते, आणि मीठ घालायच्या आधी चव घेऊन बघते. मी त्या नोंदीला पाऊण मिनिट दिलं होतं.

बाबा बरे आहेत, आज तिकडे मागे बसलेत. ती चावी त्यांनी परत मागितली नाही, माझ्याकडेच आहे.

देवगडच्या त्या मुलीचा आणि माझा अजून फोन होतो. तिच्या वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्यासाठी त्यांनी आंब्याच्या बागेचा एक तुकडा विकला. ती मला ताई म्हणते. तो कागद ज्या प्रणालीतून छापून आला, तिच्यावर मी काम केलं होतं, आणि ती तक्रार मी बंद केली होती, हे मी तिला सांगितलेलं नाही. तुमच्यासमोर आज पहिल्यांदा बोलले. का, ते माहीत नाही. कदाचित याच वर्गात एकदा फळा पुसताना डस्टर फेकून खिडकीची काच फोडली होती, आणि ती कोणी फोडली हे आपण कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून असेल. सर, ती मी फोडली होती.

मागून जेवण वाढल्याचा इशारा होतोय. सोलकढी गरम व्हायच्या आत मी थांबते.

*

(हे भाषण स्मरणिकेसाठी लिहून देण्याआधी मी देवगडला फोन केला. छापून आलेलं तिनं दुसऱ्याकडून वाचणं बरं नव्हतं. सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "आता पुरा नाव येता मां?" म्हटलं, येतं, गावासकट. "बरा," म्हणाली, आणि बाबांना गाडीत बसवायचंय म्हणून तिनं फोन ठेवला.)